भरलेल्या बंदुकीची पूजा

मनू, ये, अशी जवळ बैस. आता तू म्हणशील, आजी, मी धुळ्याच्या होस्टेलात आणि तू जळगावात, जवळ कशी बसू? तेच तर म्हणते मी. सकाळी एसटीत बसलीस तर दुपारच्या जेवणाला इथं पोचशील, बायांना तिकीटही अर्धं, आणि तुला दिवाळीपासून सवड नाही. फोन करतेस तोही जेवता जेवता, तोंडात घास ठेवून. आणि विचारतेस काय, तर "आजी, तुमच्या अक्काला पोलिसांची गोळी लागली होती ना? आम्हाला राज्याची जबाबदारी असा विषय आहे, दोन ओळींत सांग ना." दोन ओळींत! अगं, सरकारच्या तोंडून एक 'हो' निघायला माझं परकर-पोलक्यापासून नऊवारीपर्यंतचं वय खर्ची पडलं. ते दोन ओळींत मावलं असतं तर आमच्या वकिलांनी खाल्लं काय असतं? म्हणून आता लिहूनच काढते. मी शाळेत फार गेले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा वेलांटी चुकली तर हसू नकोस.

अक्का म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण. लवकर कपाळ पांढरं झालं म्हणून माहेरी आली आणि मग घरच तिचं झालं. आमचं गाव असोद्याच्या अलीकडचं, चहूकडे केळीच्या बागा आणि मधे कापसाची वावरं. घरात आबा मोठे, पण आबांनी चप्पल पायात घालताना आधी अक्काच्या तोंडाकडे बघायचं, अशी पद्धत. केळीचा घड उतरवायचा की अजून आठवडाभर ठेवायचा, ते अक्का खोडाजवळ उभी राहून नुसतं वर बघून सांगायची. पहाटे तिच्या जात्याचा आवाज आणि त्यावर तिचं पुटपुटणं, त्यात देवाची नावं थोडी आणि भावकीची जास्त. चुलीवर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, ती भाजताना असा खमंग वास सुटतो की शेजारची पोरं आपल्या आईची हाक ऐकू येत नाही असं दाखवून आमच्या दारात थांबायची. आता मिक्सर आहे, गॅस आहे, आणि तुझी आई मला पथ्याची पोळी देते. असो.

गावात पोलीस कसे आले, ते सांगते. पाटाच्या पाण्यावरून वरची आळी आणि खालची आळी यांचं वाजलं. डोकं कुणाचं फुटलं नाही, एक बैलगाडी उलथवली गेली आणि तोंडं खूप चालली. पण कुणीतरी शहाण्यानं अर्ज केला. अर्ज पोचून त्याच्यावर विचार होईपर्यंत दोन्ही आळ्यांमध्ये एक सोयरीक जमली, साखरपुडा झाला, आणि जेवणावळीचा खरकटा मांडव उतरत असताना बंदोबस्ताचे पोलीस दाखल झाले. जमादार आणि हाताखाली चौघे, सगळ्यांकडे बंदुका. बंदोबस्त करायला काही उरलं नव्हतं. पण परत जायचा हुकूम निघालेला नव्हता, म्हणून ते राहिले. आमच्या ओट्यासमोर मारुतीची धर्मशाळा, तिथं त्यांचा मुक्काम. गावानं घराघरानं जेवणाची पाळी लावली, आणि जमादारांनी चव बघून सगळ्या पाळ्या आमच्याकडे वळवल्या.

जमादारांचं पोट पुढं आणि आवाज त्याच्याही पुढं. हुकूम करायला माणूस नसला तर ते म्हशीला हुकूम करायचे. "ए, मागं सर!" म्हैस सरायची नाही, आणि अक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "जमादार, तिले अजून सरकारी भाषा येत नाही. सांगते मी तिले." आमच्याकडे लसणाची, तिखटजाळ फोडणी घातलेल्या डाळीला फौजदारी म्हणतात, ती त्यांना फार प्रिय. चौघांमधला बागूल मात्र अगदी वेगळा. पिंपळनेरकडच्या डोंगराळ भागातला, सडसडीत, नवी नोकरी, ड्रेस अंगापेक्षा मोठा. घरातला पहिला पगारदार. रिकामं बसणं त्याला जमायचं नाही. बंदूक भिंतीला टेकवून तो अक्काला कडबा तोडून द्यायचा, विहिरीवरून पाणी आणायचा. त्याची बोली अहिराणी, आमची जरा निराळी, आणि अक्का त्याची नक्कल करून त्याला छळायची. "काय रे बागूल, आज काय शे?" तो लाजून म्हणायचा, "अक्का, बठ्ठं चांगलं शे, फक्त घर दूर शे." मग अक्का न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

अशात खांडेनवमी आली. तुला माहीत आहे, त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार, अवजार धुऊन पुसून पुजायचं. विळे, केळी कापायचा कोयता, नांगराचा फाळ, आबांची सायकल, माझ्या आईचं शिवणयंत्र, सगळं ओट्यावर मांडलेलं. जमादार समोरून बघत होते. त्यांना वाटलं, गावाचं लोखंड पुजलं जातंय आणि सरकारचं लोखंड कोरडं राहतंय, हे बरं दिसत नाही. त्यांनी हुकूम सोडला, "बंदुका काढा! ओळीनं लावा!" बंदुका आमच्या ओट्यावर घोंगडीवर आडव्या झाल्या. अक्कानं ताट आणलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. आणि माळ घालता घालता तिला पद्धत आठवली. आमच्याकडे पूजेत रिकामं काही ठेवत नाहीत. सूप असलं तर मूठभर दाणे, घागर असली तर घोटभर पाणी, शिवणयंत्रातसुद्धा दोरा ओवलेला पाहिजे. ती सहज म्हणाली, "जमादार, रिकामी बंदूक कशी पुजू? रिकामं पुजत नसतात."

जमादारांनी ओळीनं मांडलेल्या बंदुकांकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की वाटावं आता लढाईच आहे. "बागूल! एक गोळी भर!" बागूल म्हणाला, "साहेब, इठे? लोके शेत." म्हणजे इथं माणसं आहेत. जमादार म्हणाले, "हुकूम आहे." बागूलनं गोळी भरली. आरती झाली, नारळ फुटला, सगळ्यांनी बंदुकीला नमस्कार केला. मीही केला. भरलेल्या बंदुकीपुढं एवढ्या जवळून डोकं टेकवलेलं माझ्या शाळासोबतिणींमध्ये दुसरं कुणी नसेल.

नैवेद्य झाल्यावर जमादारांना भूक लागली, आणि हत्यारं ओट्यावरून उठल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. ते म्हणाले, "बंदुका उचला!" आम्ही म्हटलं, पुजलेलं उद्यापर्यंत हलवायचं नसतं. "सरकारी आहे, चालतं." बागूल वाकला. झेंडूच्या माळेचा दोरा कुठं अडकला होता, ते त्याला दिसलं नसावं. त्यानं बंदूक उचलली आणि आवाज झाला. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. पारावरचे पारवे उडाले, आबांची सायकल आडवी झाली आणि अक्का, हातात शिऱ्याचं पातेलं घेऊन पायरीवर उभी होती, ती खाली बसली. पातेलं तिनं सरळ ठेवलं. सांडू दिलं नाही. मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, "माय व, माह्यातच भरली का?"

बागूल बंदूक टाकून तिच्यापाशी बसला. "अक्का, मन्हा हातथून व्हयनं, मन्हा हातथून व्हयनं," माझ्या हातून झालं, एवढंच. त्यानंच तिला उचलली. वेशीवर केळीचा ट्रक भरत होता, अर्धा भरलेला ट्रक तसाच सोडवून केळीच्या पानांवर तिला निजवली आणि जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेली. पाय वाचला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला. मनू, तू खुर्चीवर वाढलीस, तुला कळायचं नाही. त्या काळी बाईचं सगळं जगणं जमिनीवर. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पाटा जमिनीवर, आणि सकाळी जायचं ते वावरात, तेही उकिडवं. एक गुडघा गेला म्हणजे अक्काचं राज्यच गेलं. ती बाजेवर बसून केळीच्या बागेकडे बघायची आणि बाग जवळ येत नव्हती.

महिनाभरानं सरकार घरी आलं. म्हणजे एक मोठे साहेब, एक छोटे साहेब आणि एक शाल-नारळ धरणारा शिपाई. मोठ्या साहेबांनी पाकीट पुढं केलं. "शासनानं सहानुभूतीनं मदत मंजूर केली आहे."

अक्का म्हणाली, "कशाची मदत?"

"तुमच्यावर जो प्रसंग आला..."

"प्रसंग आला नाही साहेब, गोळी आली. पूर आला असता, पाट फुटला असता, तर मदत घेतली असती. ह्याले मदत म्हनत नाहीत, ह्याले भरपाई म्हनतात. तशी म्हना, आन् द्या."

साहेब म्हणाले, तसं म्हणता येत नाही, तसं म्हटलं की जबाबदारी येते. अक्का म्हणाली, "मग माह्या गुडघ्यात काय आलं?" साहेबांनी शाल घडी करून शिपायाकडे दिली. नारळ मात्र चुकून आमच्याकडेच राहिला, त्याची आईनं चटणी केली.

मदत नाकारल्यावर सरकारनं दुसरी वाट धरली. चूक झाली आहे, पण ती बागूलची. त्याला घरी बसवलं, आता बडतर्फ करणार अशी बातमी आली. आणि एके दिवशी दुपारी आमच्या ओट्याखाली बागूलचे वडील येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यावर, खांद्यावर नागलीच्या पापडांचं गाठोडं. पिंपळनेरहून धुळे, धुळ्याहून जळगाव, तिथून पायी. बसा म्हटलं तर बसेनात. ते म्हणाले, "माय, मन्हा पोऱ्यानी चूक शे. मी बैलजोडी इकस आणि तुले देस. पण त्यानी नोकरी ऱ्हावू दे."

अक्का अशी चिडली की ताठ पायासकट बाजेवर उठून बसली. "तुमच्या बैलांनी गोळी मारली का मले? बंदूक कोनाची? सरकारची. गोळी सरकारची, हुकूम करनारा सरकारचा, आन् भरपाई तुमचे बैल देनार? जा घरी, आन् बैल इकले तर याद राखा." मग मला म्हणाली, "पोरी, पापड तळ. हे दोन दिवसांपासून जेवले नाहीत." त्या दिवसापासून आमच्या घरात ठरलं की खटला करायचा. गुडघ्यासाठी होताच, पण अक्काच्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती. सरकारनं हो म्हटलं तर बागूलचं घर वाचतं, नाही म्हटलं तर बुडतं.

वकील होते जळगावचे नाना, आमच्या लांबच्या नात्यातले, काळा कोट आणि पायात करकरणारी वहाण. त्यांनी ओट्यावर बसून अक्काला कायदा समजावला. "अक्का, अडचण अशी आहे. तो शिपाई ड्यूटीवर होता असं म्हटलं, तर सरकार म्हणेल, बंदोबस्त हे राजाचं काम आहे, राजाच्या कामात काही झालं तर राजावर दावा चालत नाही. आणि ड्यूटीवर नव्हता म्हटलं, तर सरकार म्हणेल, मग आमचा काय संबंध, त्याचं तो बघेल."

अक्कानं जरा विचार केला. "म्हंजे गोळी लागायच्या आधी मीच विचारायला पाहिजे होतं, बापा, तू डूटीवर आहे का?"

"विचारलं असतं तरी उपयोग नव्हता," नाना म्हणाले. "दोन्ही उत्तरांनी तुम्ही हरता."

"मग हा कायदा कोनी केला?"

"आधी गोऱ्यांनी. मग आपण जपून ठेवला."

आता तू म्हणतेस, हल्ली कायदा बदललाय, थेट हायकोर्टात जाता येतं, जिवाचा हक्क दाखवता येतो. बरं आहे बाई. आम्हाला तेव्हा तारखाच दाखवत होते. मी अक्काबरोबर जायचे, तिला टेकायला माणूस लागायचं म्हणून. कोर्टाच्या व्हरांड्यात पाय लांब करून ती बसायची, येणारेजाणारे तिच्या पायाला अडखळायचे, आणि ती प्रत्येकाला म्हणायची, "जरा जपून. सरकारी गुडघा आहे."

तिच्या साक्षीच्या दिवशी सरकारी वकील फार गोड बोलले. "मावशी, रिकामी बंदूक पुजत नाहीत, असं तुम्हीच म्हणालात ना?" नानांचा चेहरा उतरला. हेच त्यांना नको होतं. बाईनं सांगितलं म्हणून गोळी भरली, म्हणजे चूक बाईचीच, असा तो डाव. नानांनी घरी तिला शंभरदा सांगितलं होतं, आठवत नाही म्हणा. अक्का म्हणाली, "म्हटलं ना. मीच म्हटलं. खोटं कशाले बोलू?" सरकारी वकील हसून जज्जसाहेबांकडे वळले, तोवर अक्का पुढं बोलूही लागली. "पन साहेब, माह्या सांगन्यानं सरकार चालते, हे मले आजच समजलं. मी तर आमच्या गावाचा रस्ता करा म्हनूनही सांगितलं होतं. तो काउन झाला नाही?" जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. खोकला आला असेल.

पण हसण्यानं दावा जिंकत नाही. पुढच्या खेपेला सरकारच्या बाजूनं जमादार आले. पोट आणखी पुढं गेलेलं, पण कडक इस्त्रीत. त्यांना शिकवून आणलं होतं की पूजा ही खासगी बाब, बाईच्या हट्टानं झाली, शिपायानं परस्पर गोळी भरली. तसं त्यांनी सांगितलंही, जरा पडक्या आवाजात. बागूल मागं भिंतीशी उभा होता, मान खाली. मग नाना उठले. वहाण करकरली. नानांनी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "जमादार, म्हणजे तुमच्या गार्डात हुकूम बाईंचा चालत होता?"

जमादार म्हणाले, "नाही."

"मग शिपायाचा चालत होता? तो आपल्या मनानं गोळ्या भरायचा, तुम्ही नुसते बघायचे?"

जमादारांच्या मानेची शीर मला बाकावरून दिसत होती.

"नाही म्हणजे, तुम्हाला कुणी विचारत नसेल तर तसं सांगा. लाज कसली त्यात? म्हशीसुद्धा ऐकत नव्हत्या म्हणे..."

"काय बोलता!" जमादार असे गरजले की व्हरांड्यातला चहावाला डोकावला. "माझ्या हुकमाशिवाय गार्डातली एक गोळी इकडची तिकडं होत नाही! बाई कोण सांगणार? बागूल कोण भरणार? मी हुकूम दिला! भर म्हणून मी सांगितलं, उचल म्हणूनही मीच सांगितलं! आणि खासगी कसली? आमच्या ठाण्यात दरसाल पूजा होते, साहेब स्वतः नारळ फोडतात!"

सरकारी वकील डोळे मिटून बसले. नाना म्हणाले, "झालं माझं," आणि खाली बसले. जमादार साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरले तेव्हा जिंकल्यासारखे चालत होते. अजून त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. मला विचारशील तर त्यांच्याइतका खरं बोलणारा साक्षीदार मी पाहिला नाही. फक्त खरं बाहेर यायला त्यांच्या मानाला धक्का लागावा लागला.

निकाल लागायला आणखी बराच काळ गेला, तोवर माझं लग्नही झालं होतं. मी सासरहून मुद्दाम आले. जज्जसाहेबांनी लिहिलं होतं ते नानांनी आम्हाला व्हरांड्यात सोपं करून सांगितलं. बंदुकीला हळद-कुंकू वाहणं हे काही राजाचं काम नव्हे. ते शेतकरीही करतो, शिंपीही करतो. तेव्हा राजा म्हणून सरकारला लपता येणार नाही. पण हुकूम नोकरीतल्या वरिष्ठानं नोकरीतल्या शिपायाला दिला, म्हणून जबाबदारी सरकारचीच. आणि बागूलनं हुकूम पाळला, मनानं काही केलं नाही. अक्कानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "हो म्हटलं का त्यांनी?" नाना म्हणाले, "त्यांच्याकडून वदवून घेतलं." "तसं का होईना."

बागूल लांब, खांबाशी उभा होता. इतकी वर्षं दर तारखेला यायचा, पण जवळ येत नव्हता, दुरूनच अक्काच्या पायाकडे बघून निघून जायचा. त्या दिवशी अक्कानं त्याला हाक मारली. "ए बागूल, इकडे ये. आता तू परत डूटीवर. ह्या पायऱ्या मले उतरवून दे." तो आला. तिनं एक हात त्याच्या खांद्यावर टाकला, सगळा भार त्याच्यावर दिला आणि ताठ पाय पुढं करत एकेक पायरी उतरली. मधेच थांबून म्हणाली, "हळू रे. सरकारले घाई नसते." तो हसला की रडला मला कळलं नाही, त्याचं तोंड पलीकडे होतं.

सरकार वरच्या कोर्टात गेलं, तिथंही हरलं. जमादारांची बदली झाली आणि बदलीच्या गावी बढती. बागूल नोकरीत परत गेला, हवालदार होऊन निवृत्त झाला. भरपाई आली तेव्हा अक्कानं घरामागं खुर्चीसारखा संडास बांधून घेतला, आमच्या गावातला पहिला. तो बघायला लोक वावरातून पायाचा चिखल धुऊन यायचे. ज्याला त्याला अक्का सांगायची, "बसून पाहा, जबाबदारीनं बांधला आहे." तुमच्या पुस्तकात या निकालाचं नाव सापडलं नाही तर बागूलना विचार. ते आहेत अजून, पिंपळनेरलाच, डोळ्यांना कमी दिसतं, पण अक्काचं नाव काढलं की तासभर बोलतात. मला त्यांना भेटायचं आहे आणि एकटीनं जायला तुझी आई सोडत नाही. तू या रविवारी इकडे ये, दोन घास खा, आणि मला घेऊन चल. परीक्षा नंतर दे, ते पुन्हा घेतात. लवकर ये.